मुतखडा: पाणी किती प्यालात ते नंतर, लघवी किती झाली ते आधी

एप्रिल लागला की आमच्या नागपूरच्या नंदनवन भागातल्या घरी संध्याकाळी कुणी ना कुणी सोनोग्राफीचा कागद घेऊन येतं. धंतोलीतल्या एका रुग्णालयात मूत्ररोग विभागात मी वर्षानुवर्षं परिचारिका होते. निवृत्त झाले तरी ओळखीतले लोक "सिस्टर, जरा पाहून सांगा ना" म्हणत येतात, आणि मला ते आवडतं. कागदावर कुठेतरी "६ एमएम" लिहिलेलं असतं. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, टमाटे बंद करायचे का? माझाही ठरलेला असतो, दिवसाला लघवी किती होते?

याला सरळ उत्तर देणारा माणूस विरळा. पाण्याचं विचारलं तर सगळेच म्हणतात, "भरपूर पितो ना जी." पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. हवा इतकी कोरडी की घाम आला कधी आणि उडाला कधी ते कळत नाही. कूलरसमोर बसलेल्या माणसाला तर वाटतं, आपल्याला घाम आलाच नाही. प्यालेल्या तीन लिटरमधलं कातडीवाटे किती गेलं आणि किडनीच्या वाट्याला किती आलं, हे पाणी मोजून कळणार नाही. लघवी मोजली तर कळेल. मुतखड्याबद्दल मला जे सांगायचं आहे त्याचा गाभा हाच आहे. त्याकडे येतेच, पण धोक्याच्या गोष्टी आधी सांगते, कारण त्यात उशीर परवडत नाही.

अशा वेळी घरी थांबू नका

कमरेत कळ आहे आणि त्यातच थंडी वाजून ताप आला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. खड्यामुळे अडलेल्या लघवीत जंतू वाढले की ते रक्तात उतरायला वेळ लागत नाही आणि मग जिवावर बेततं. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. अशा वेळी डॉक्टर खड्याला हात लावत नाहीत. आधी अडलेली लघवी मोकळी करतात, एक तर खालून दुर्बिणीने स्टेंट, म्हणजे आत राहणारी मऊ नळी, टाकून, नाही तर पाठीतून किडनीत बारीक नळी घालून. खडा काढतात तो जंतुसंसर्ग आटोक्यात आल्यावर. "एवढं करून खडा आतच ठेवला" म्हणून नातेवाईक चिडलेले मी फार पाहिले. तसंच करायचं असतं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

लघवी पूर्ण बंद झाली, उलट्यांमुळे पाण्याचा घोटही टिकेना, इंजेक्शन घेऊनही कळ उतरेना, तरी लगेच जायचं. ज्याला एकच किडनी आहे, जी बाई गरोदर आहे, ज्याला मधुमेह आहे, त्यांनी तर दुखणं बेताचं असलं तरी अंगावर काढू नये.

प्रत्येक कळ मुतखड्याचीच असते असंही नाही. साठी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच अशी कळ आली तर घरीच निदान करू नका. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगून फुटायला आली तरी दुखणं असंच भासतं. पाळी चुकलेल्या मुलीच्या ओटीपोटात एका बाजूला जोराचं दुखलं, तर गर्भ नळीत राहिल्याची शंका आधी दूर करावी लागते. आणि तरुण पोराचा अंडकोष अचानक दुखायला लागला तर संकोच बाजूला ठेवून तासाभरात डॉक्टर गाठा. अंडकोषाला पीळ पडला असेल तर हातात थोडेच तास असतात.

कळ कशी असते, आणि ती थांबते तेव्हा

मुतखड्याची कळ बरगड्यांच्या खाली, पाठीच्या एका बाजूला उठते आणि पुढे जांघेकडे उतरते. लाटेसारखी येते, जाते, परत येते. सोबत मळमळ, उलटी, घाम. लघवीत कधी डोळ्यांना दिसेल एवढं रक्त, कधी फक्त तपासणीत सापडेल एवढंच. अपेंडिक्सचा रुग्ण हलायला तयार नसतो, कारण हललं की दुखतं. मुतखड्याचा रुग्ण खाटेवर टिकत नाही. उठतो, बसतो, वाकतो, येरझाऱ्या घालतो. खडा मूत्राशयाच्या तोंडाशी आला की कळीसोबत सारखी लघवीची भावना होते आणि शेवटी जळजळ होते.

ही कळ खडा टोचतो म्हणून येते असा समज आहे. खरं तर खड्यामुळे लघवी तुंबते, किडनी आणि तिच्यातून मूत्राशयाकडे जाणारी मूत्रवाहिनी ताणली जाते, मूत्रवाहिनी आवळते, आणि त्याची ती कळ असते. म्हणूनच किडनीत शांत बसलेला खडा वर्षानुवर्षं दुखत नाही. आणि म्हणूनच दुखणं थांबलं म्हणजे खडा पडला असं होत नाही. खडा जरा सरकला, बाजूने लघवीला वाट मिळाली, की दुखणं थांबतं. कधी किडनी तुंबत तुंबत मंदावते, तिचा दाब उतरतो, तेव्हाही थांबतं. कळमन्याच्या बाजारात हमाली करणारा एक गडी आमच्याकडे यायचा. त्याची कळ थांबली, त्याने खडा पडला असं धरलं आणि परत आला तो बऱ्याच महिन्यांनी. तोवर त्या बाजूची किडनी फुगून तिचं काम बरंच गेलं होतं. मधल्या काळात त्याला काहीच दुखलं नव्हतं. खडा डोळ्यांनी पाहिला नसेल तर कळ थांबल्यावरही सोनोग्राफी करून घ्या. खर्च थोडा आहे, आणि त्यावर किडनी वाचते.

कळ आली असताना एकदम दोन-तीन लिटर पाणी ढोसू नका. पाण्याच्या जोराने खडा बाहेर फेकला जात नाही. वाट अडलेली असताना मागून दाब वाढतो आणि दुखणं वाढतं. बीअरचंही तेच. तहान लागेल तेवढं घोट घोट प्या, गरम पाण्याची पिशवी दुखऱ्या बाजूला ठेवा. कळीवर डायक्लोफेनॅकसारखं सूज उतरवणारं औषध चांगलं लागू पडतं, पण किडनी आधीच कमजोर असेल, पोटात अल्सर असेल, हृदयाचा आजार असेल किंवा गरोदरपण असेल तर तेच औषध घात करू शकतं. तेव्हा मेडिकल स्टोअरमध्ये जाऊन नुसतं "कळीची गोळी द्या" म्हणू नका.

कागदावर काय पाहायचं

खडा किती मोठा आहे हे सगळे पाहतात. तो कुठे आहे आणि मागे किती तुंबलं आहे, हेही तितकंच महत्त्वाचं. किडनीपासून मूत्राशयापर्यंतची मूत्रवाहिनी २५ ते ३० सेंटिमीटर लांब असते आणि आतून जेमतेम तीन-चार एमएम रुंद. तिच्यात तीन ठिकाणी वाट आणखी चिंचोळी होते. किडनीतून निघते तिथे, पुढे ओटीपोटातल्या रक्तवाहिन्या ओलांडते तिथे आणि मूत्राशयात शिरते तिथे. खडे बहुधा इथेच अडतात. रिपोर्टवर "पीयूजे" म्हणजे वरचं टोक, "व्हीयूजे" म्हणजे खालचं. व्हीयूजेला पोचलेल्या खड्याने बराच प्रवास केलेला असतो, तो पडण्याची आशा जास्त. "हायड्रोनेफ्रोसिस" म्हणजे मागे लघवी तुंबून किडनी फुगली आहे. त्यापुढे माइल्ड, मॉडरेट की सिव्हिअर लिहिलं आहे ते वाचा.

पाच एमएमच्या आतले बहुतेक खडे आपोआप पडतात. पाच ते दहामधले साधारण निम्मे. दहाच्या पुढचा पडेल या भरवशावर राहू नये. सोनोग्राफीत मूत्रवाहिनीचा मधला भाग नीट दिसत नाही, आणि लहान खडा आहे त्यापेक्षा मोठा मोजला जाण्याची शक्यता असते. म्हणून शंका असली की डॉक्टर रंग न टाकता करायचा साधा सीटी स्कॅन सांगतात. तो वायफळ खर्च समजू नका. एक्स-रेमध्ये कॅल्शियमचे खडे दिसतात, युरिक अ‍ॅसिडचे दिसत नाहीत. तेव्हा "एक्स-रे कोरा आला, म्हणजे खडा नाही" हे खरं नाही. सोबत लघवीची तपासणी आणि रक्तातलं क्रिएटिनिन हवंच. क्रिएटिनिन किडनीचा हिशेब सांगतं, खड्याचा आकार सांगत नाही.

वाट पाहायची झाली तर

ताप नाही, कळ गोळीने आटोक्यात आहे, दुसरी किडनी धड आहे, खडा लहान आहे, अशा वेळी चार ते सहा आठवडे वाट पाहतात. खालच्या भागात अडलेल्या पाच-दहा एमएमच्या खड्यासाठी टॅमसुलोसिन देतात. त्याने मूत्रवाहिनी सैलावते. या गोळीने उभं राहताना चक्कर येऊ शकते, म्हणून ती रात्री घ्या आणि सकाळी खाटेवरून सावकाश उठा.

या दिवसांत एक काम मन लावून करा. लघवी गाळा. चहाची जुनी गाळणी किंवा पांढरं सुती फडकं चालतं. खडा सापडला की धुऊन, वाळवून लहानशा डबीत ठेवा आणि लॅबमध्ये पाठवा. लोक खडा पडल्याच्या आनंदात तो टाकून देतात, आणि मला त्याची खरोखर हळहळ वाटते. कारण पुढचा खडा टाळायचा असेल तर हा कशाचा होता हे कळायला हवं. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. युरिक अ‍ॅसिडचे त्यापेक्षा कमी, ते मधुमेह, वजन किंवा गाउट असलेल्यांत जास्त दिसतात. नेहमी दिसणाऱ्या खड्यांत हे एकच असे आहेत की लघवीतलं आम्ल कमी करणाऱ्या औषधाने, म्हणजे पोटॅशियम सायट्रेटसारख्याने, खरोखर विरघळू शकतात. ऑपरेशन टळतं. पण खडा कशाचा आहे हेच माहीत नसेल तर ते कळणार कसं? वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या बायकांमध्ये वेगळ्याच जातीचे खडे होतात, भराभर वाढतात आणि अख्खी किडनी भरून टाकतात. ते पूर्ण काढावेच लागतात. लहान मुलाला खडा झाला तर मागे जन्मजात कारण आहे का, हे तज्ज्ञाने शोधलंच पाहिजे.

काढायची वेळ आली तर

माझ्या सासऱ्यांच्या कमरेवर मुतखड्याच्या ऑपरेशनचा वीतभर व्रण होता. त्यांच्या काळी दुसरा मार्ग नव्हता. बाहेरून धक्के देऊन खडा फोडायची लिथोट्रिप्सी १९८० साली जर्मनीतल्या म्युनिकमध्ये पहिल्यांदा माणसावर वापरली गेली आणि मग चित्र पालटलं. आता दोन सेंटिमीटरच्या आतल्या, फार कडक नसलेल्या खड्याला धक्के देता येतात, किंवा लघवीच्या वाटेने दुर्बीण नेऊन लेझरने त्याचा भुगा करतात. दोन सेंटिमीटरच्या वरचा असेल तर पाठीतून लहान छिद्र पाडून काढतात, त्याला पीसीएनएल म्हणतात. कोणती पद्धत, हे खड्याची जागा, कडकपणा आणि तुमची तब्येत पाहून ठरतं. शेजाऱ्याचं लेझरने झालं म्हणून तुमचंही तसंच होईल असं नाही.

स्टेंटबद्दल मात्र नीट ऐका. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर बहुतेकदा आत डीजे स्टेंट ठेवतात, किडनीपासून मूत्राशयापर्यंत बारीक मऊ नळी. ती असेपर्यंत वरचेवर लघवीला होतं, लघवी करताना कमरेत कळ जाते, थोडं रक्त दिसतं. त्याने घाबरू नका. ती काढायची तारीख मात्र विसरू नका. काही आठवड्यांत, सहसा तीन महिन्यांच्या आत, ती काढायची किंवा बदलायचीच असते. विसरली तर तिच्यावरच खडे जमतात आणि एका साध्या नळीसाठी दोन-दोन ऑपरेशनं करावी लागतात. गावाकडून आलेला रुग्ण बरा वाटलं की सोयाबीनच्या पेरणीला, कापसाच्या वेचणीला निघून जातो आणि नळी आतच राहते. तारीख कॅलेंडरवर लिहा, मोबाइलमध्ये घाला, घरातल्या आणखी एकाला सांगा. कार्डावर "स्टेंट आहे" एवढं लिहून ते पाकिटात ठेवा.

खर्चाची चिंता असेल तर मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला, जोडलेलं सुपर स्पेशालिटी रुग्णालय आहे, मिहानमध्ये एम्स आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याच्या शस्त्रक्रिया बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन भरती व्हायच्या आधीच त्याला भेटा.

लघवी मोजायची कशी

आता मूळ मुद्दा. साखरेचा पाक दाट झाला की दोऱ्यावर खडीसाखर धरते, पातळ असेल तर धरत नाही. लघवीचं तसंच आहे. कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक अ‍ॅसिड प्रत्येकाच्याच लघवीत असतं. ते विरघळून राहील एवढं पाणी सोबत असलं पाहिजे. ज्याला एकदा खडा झाला आहे त्याने दिवसाला निदान अडीच लिटर लघवी होईल असं पाहावं.

इटलीतल्या डॉक्टरांनी हे पडताळून पाहिलं आहे. १९९६ साली त्यांचा अभ्यास छापून आला. पहिला खडा झालेल्या १९९ जणांचे दोन गट केले. एका गटाला लघवी दोन लिटर किंवा जास्त होईल इतकं पाणी प्यायला सांगितलं, दुसऱ्याला काही सांगितलं नाही. पाच वर्षांत दुसऱ्या गटात २७ टक्के लोकांना परत खडा झाला, पहिल्यात १२ टक्क्यांना. औषध काही नाही, फक्त पाणी.

मोजायला सुटीचा दिवस घ्या. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी नेहमीसारखी टाकून द्या. त्यानंतरची प्रत्येक लघवी मापाच्या प्लास्टिक मगमध्ये मोजा आणि आकडा कागदावर मांडत जा. दुसऱ्या दिवशी उठल्यावरची पहिली लघवी मोजली की चोवीस तास भरले. बेरीज करा. दीड लिटर आलं तर आणखी एक लिटर लघवी व्हायला हवी, म्हणजे निदान तेवढं पाणी वाढवायचं आणि पुन्हा मोजायचं. हे एकदा थंडीत करा आणि एकदा मेमध्ये. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की नागपूरचं ऊन तुमच्याकडून किती पाणी काढून घेतं ते दिसतं. डिसेंबरात तीन लिटर पिऊन ज्याचं भागतं, त्याला मेमध्ये चार-साडेचारही लागू शकतात. उन्हात काम करणाऱ्याला त्याहून जास्त.

रोज मोजणं शक्य नाही, म्हणून रंग पाहा. फिकट, जवळपास पाण्यासारखी हवी. गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडलं. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने लघवी पिवळीजर्द होते, तेवढं लक्षात असू द्या. पाणी एकदम न पिता दिवसभर वाटून प्या, झोपताना एक ग्लास आणि रात्री जाग आली की पुन्हा थोडं. रात्रीची लघवी सगळ्यात दाट असते. ज्यांचं हृदय किंवा किडनी कमजोर आहे, ज्यांच्या पायावर सूज येते, त्यांनी मात्र पाण्याचं माप डॉक्टरांकडूनच घ्यावं.

बायकांशी मला याबद्दल वेगळं बोलायचं आहे. शाळेतल्या शिक्षिका, सीताबर्डीच्या दुकानांतल्या मुली, भाजीबाजारात दिवसभर बसणाऱ्या मावश्या, सगळ्यांचं एकच उत्तर असतं, "पाणी प्यालं तर जायचं कुठे?" हे उत्तर खोटं नाही, आणि त्याची लाज त्यांना वाटायचं कारणही नाही. स्वच्छ संडास-बाथरूम ही मालकाची, शाळेची, महानगरपालिकेची जबाबदारी आहे आणि ती मागितलीच पाहिजे. ते होईपर्यंत घरून निघायच्या तासभर आधी अर्धा लिटर पिऊन, मोकळं होऊन निघा. घरी आल्यावर झोपेपर्यंत लिटर-दीड लिटर भरून काढा. कामावर दुपारी एकदा तरी जाता येईल अशी जागा हेरून ठेवा. पुरुषांमध्ये मी दुसरंच पाहिलं. खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, तोंडात असेपर्यंत माणूस पाण्याला शिवत नाही, आणि एक संपला की दुसरा सुरू. खर्रा सोडायला याहून मोठी कारणं आहेत, पण हेही एक.

घरचं पाणी जड आहे, मशीन बसवू का, असंही विचारतात. पेंच-कन्हानचं नळाचं पाणी असो की बोअरचं, पिण्यालायक असलं की झालं. खड्यासाठी पाण्याच्या जडपणापेक्षा ते किती प्यालात याला जास्त किंमत आहे.

ताटात काय

आता टमाट्याचा प्रश्न. टमाट्यात ऑक्झलेट अगदी कमी असतं आणि त्याच्या बियांचा खडा बनत नाही. वांग्याच्याही नाही. खुशाल खा.

ज्यात ऑक्झलेट खरंच जास्त आहे ते म्हणजे पालक, राजगिरा, धोप्याची म्हणजे अळूची पानं, बीट, काजू, बदाम, शेंगदाणे, तीळ, रताळी, चॉकलेट. आपल्या उन्हाळ्यातली चिवळीची भाजीही त्यातलीच. चिवळ पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही, मला ती स्वतःला आवडते. उकळून पाणी फेकून द्या, मग भाजी करा आणि सोबत वाटीभर दही घ्या. दह्यातलं कॅल्शियम पोटातच ऑक्झलेटला धरतं, दोघं मिळून शौचावाटे जातात आणि लघवीपर्यंत कमी पोचतात. पालकाचा ज्यूस मात्र नको. कच्च्या पालकाची जुडीच्या जुडी एका ग्लासात जाते. कोबी, फुलकोबी, लवकी, काकडी निर्धास्त खा.

यावरूनच कळेल की दूध-दही बंद करणं किती उलटं आहे. कॅल्शियमचा खडा, म्हणून कॅल्शियम बंद, हे ऐकायला बरोबर वाटतं आणि पुष्कळ घरांत तेच केलं जातं. लघवीतून जास्त कॅल्शियम जाणाऱ्या आणि वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांना इटलीतल्याच डॉक्टरांनी पाच वर्षं पाहिलं, २००२ साली तो अभ्यास आला. कमी कॅल्शियमचं जेवण घेणाऱ्या ६० जणांपैकी २३ जणांना परत खडा झाला. कॅल्शियम नेहमीएवढंच, पण मीठ आणि मांसाहार कमी, असं जेवणाऱ्या ६० पैकी १२ जणांना झाला. म्हणून दूध, दही, ताक जेवणासोबत घ्या. हाडांसाठी कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांशी बोला आणि घ्यायचीच असेल तर जेवणासोबत घ्या. व्हिटॅमिन सीच्या हजार मिलिग्रॅमच्या गोळ्या शौक म्हणून खाऊ नका, शरीर त्यातल्या काही भागाचं ऑक्झलेट करतं.

मीठ हा खरा शत्रू आहे. लघवीतून सोडियम जास्त गेलं की सोबत कॅल्शियमही ओढून नेतं. दिवसाला सगळं मिळून चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत हवं. तर्री पोहे, वर चिवडा, बाजूला लोणचं, दुपारी पापड, संध्याकाळी फरसाण, यातच ते संपून जातं आणि घरच्या भाजीतलं मीठ वेगळंच. तर्री-पोहे बंद करा म्हणून नागपूरच्या माणसाला मी सांगणार नाही, पण रोजचे महिन्यातून दोन-चारदा करा. पन्हं आणि ताक उन्हाळ्यात प्याच, फक्त काळं मीठ चिमटीने घाला, चमच्याने नको. सावजी रस्सा चालेल, पण मटण रोजचं नको आणि एका वेळी तळहाताएवढंच. युरिक अ‍ॅसिडचा खडा असेल तर हे जास्त कटाक्षाने पाळा.

लिंबू आणि संत्र्यात सायट्रेट असतं. ते लघवीत कॅल्शियमला धरून ठेवतं आणि खडा जमू देत नाही. संत्री आपल्याकडे हिवाळ्यात आंबिया बहाराची आणि नंतर मृग बहाराची येतात, तेव्हा रोज एक-दोन सोलून खा. ऐन मेमध्ये, जेव्हा सगळ्यात जास्त गरज असते, तेव्हा ती नसतात आणि लिंबूही महागलेलं असतं. तरी दिवसाला दोन-तीन लिंबांचा रस पाण्यात वाटून प्या, साखर आणि मीठ न घालता. सोड्याच्या गोड बाटल्या पाण्याऐवजी पिऊ नका, कोला तर नकोच.

उपासाच्या दिवशी जास्त जपायचं. एका बाजूला पाणी कमी, दुसऱ्या बाजूला शेंगदाणे, रताळी, राजगिऱ्याचे लाडू. ज्याला खडा होऊन गेला आहे त्याने निर्जळी करू नये. एकादशीला, नवरात्रात दूध, ताक, फळं, भगर यांवर भर द्या. रोजे ठेवणाऱ्यांनी इफ्तार ते सहरीपर्यंत पाणी वाटून प्यावं, आणि खडा अडकलेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

काढे आणि पुड्या

कुळथाचं कढण, जवाचं पाणी, कणसाच्या केसांचा काढा, पानफुटीची पानं, हे प्रत्येक घरात कुणी ना कुणी सुचवतं. कुळथाचं कढण बिनमिठाचं असेल तर आनंदाने प्या, पातळ पदार्थ पोटात जातो. जवाच्या पाण्याचंही तेच. पण कॅल्शियम ऑक्झलेटचा तयार खडा यातल्या कशानेही विरघळत नाही. चार एमएमचा खडा काढा प्यायला असता तरी पडला असता आणि नसता प्यायला तरी. काढ्याच्या नादात मोठा खडा आत बसून किडनी खराब करतो, भीती त्याची आहे. नाव-पत्ता नसलेल्या पुड्या आणि भस्मं घेऊ नका, त्यांत जड धातू असू शकतात आणि ते किडनीवरच जातात. आणखी एक, कमरख, म्हणजे स्टार फ्रूट. आंबटगोड लागतं, पण ज्याची किडनी कमजोर आहे त्याला ते विषासारखं बाधतं. उचक्या, भ्रम, झटके येतात. अशा माणसाने त्याची एक फोडही खाऊ नये.

नंतर

एकदा खडा झालेल्या साधारण निम्म्या लोकांना दहा वर्षांत परत होतो. म्हणून वर्षातून एकदा सोनोग्राफी करा. दोनदा खडा झाला असेल, कमी वयात झाला असेल किंवा दोन्ही बाजूंना असेल तर चोवीस तासांच्या लघवीची तपासणी आणि रक्तातलं कॅल्शियम, युरिक अ‍ॅसिड करून घ्या. कॅल्शियम वाढलेलं निघालं तर गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीची तपासणी लागते, कारण मूळ तिथे असू शकतं.

डॉक्टरांकडे जाताना जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, नुसता कागद नको, सीटीची फिल्म किंवा सीडी असेल तर तीही. खड्याची डबी न्या. चालू औषधांच्या रिकाम्या पट्ट्या न्या, त्यात आम्लपित्ताच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही आल्या. आणि ज्या सुटीच्या दिवशी लघवी मोजली होती, तो आकड्यांचा कागद सोबत घ्या.